न वितळणारी राळ

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरातील विजेची जुनी जोडणी बदलण्याचे काम निघाले. आजोबांच्या वेळचा लाकडी बोर्ड भिंतीवरून उतरला आणि त्यावरचे गोल, काळे, टपोरे खटके वायरमनने एका डब्यात टाकले. त्यांतला एक मी मागून घेतला. इतकी वर्षे रोज बोटांखाली दबूनही त्याची कड झिजली नव्हती. गंमत म्हणून तो मेणबत्तीवर धरला. हल्लीच्या प्लॅस्टिकसारखा तो वितळला नाही की ओघळला नाही. नुसता करपला आणि त्याला एक ओळखीचा वास आला. इस्पितळाच्या फरशीचा, कार्बॉलिक साबणाचा वास! वायरमनकाकांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की हे बेकेलाइट. खटक्यांत आता ते फारसे येत नाही, पण कुकरच्या दांड्याला अजून तेच असते.

मी कला शाखेचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. परंतु काळ्या खटक्याला औषधाचा वास का यावा, हा प्रश्न मनातून जाईना. विज्ञान महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मित्राला छळले, ग्रंथालयात बसलो आणि हळूहळू खटका बाजूला राहून त्यामागचा माणूसच मला अधिक ओढू लागला. त्याचे नाव लिओ हेंड्रिक बेकलंड. त्याची कथा मला जशी उमगली तशी येथे सांगतो.

बेल्जियममधील घेंट या शहरी १४ नोव्हेंबर १८६३ रोजी लिओचा जन्म झाला. वडील जोडे दुरुस्त करीत, आई लोकांच्या घरी काम करी. जोडे शिवणाऱ्याच्या मुलाने आरी-दोरा हाती घ्यावा आणि दुकानात बसावे, हे वडिलांच्या दृष्टीने ठरलेलेच होते. आईचे मत निराळे होते. तिने मुलाच्या शाळेचा हट्ट सोडला नाही. आपल्याकडेही धुणीभांडी करून मुलांची फी भरणाऱ्या आया पुष्कळ आहेत, म्हणून या बाईविषयी मला विशेष वाटले. चरित्रकार तिच्यासाठी फार तर एक-दोन वाक्ये खर्च करतात.

लिओ रात्रीच्या तांत्रिक वर्गांना जाऊ लागला. तेथे रसायनशास्त्र, यंत्रशास्त्र आणि छायाचित्रण यांची गोडी त्याला लागली. त्याच्या पोरवयातील एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. वडिलांनी दिलेल्या घड्याळाला चांदीची साखळी होती. फोटो काढण्यासाठी सिल्व्हर नायट्रेट हवे आणि ते विकत घ्यायला पैसे नाहीत. तेव्हा या पठ्ठ्याने साखळीच नायट्रिक आम्लात विरघळवली, तिच्यातले तांबे वेगळे काढले आणि आपले सिल्व्हर नायट्रेट घरी तयार केले. वडिलांना हे कळल्यावर काय झाले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

घेंट नगरपालिकेची शिष्यवृत्ती मिळवून तो सतराव्या वर्षी विद्यापीठात दाखल झाला आणि १८८४ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट मिळवून बाहेर पडला. काही काळ ब्रूजमध्ये शिकवून तो घेंट विद्यापीठातच अध्यापक झाला. त्याचे गुरू प्राध्यापक थिओडोर स्वार्ट्‌स. गुरूंची मुलगी सेलीन हिच्यावर शिष्याचे मन जडले. गुरूंना हा तरुण जावई म्हणून नव्हे, तर वारस म्हणून हवा होता. त्याने निष्ठेने विद्यापीठात राहावे, शुद्ध विज्ञान करावे. याला मात्र फोटोच्या काचा विकण्याच्या व्यापाराचे वेड! एका सहकाऱ्याबरोबर त्याने तसा उद्योग काढलाही, परंतु पैशांच्या बाजूने तो रुतला. तरी ८ ऑगस्ट १८८९ रोजी लग्न झाले आणि एका स्पर्धेत मिळालेल्या प्रवासवृत्तीवर ही जोडी परदेशी निघाली. इंग्लंड करून न्यूयॉर्कला पोचल्यावर कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक चँडलर यांनी बेकलंड यांना सल्ला दिला की परत जाऊ नका, तुमची जागा येथे आहे. जोडे शिवणे सुटले होतेच. आता प्राध्यापकीही सुटली.

अमेरिकेतील पहिली चार-पाच वर्षे वाईट गेली. फोटोचे सामान करणाऱ्या एका कंपनीत दोन वर्षे नोकरी केल्यावर १८९१ मध्ये त्यांनी स्वतंत्र सल्लागार रसायनज्ञ म्हणून पाटी लावली. एकाच वेळी दहा कल्पना डोक्यात, दहाही अर्धवट. त्यातच मोठे आजारपण आले, पैसा संपला, कर्ज झाले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ठरवले की यापुढे एका वेळी एकच काम, आणि तेही ज्याचे फळ लवकर हाती येईल असेच. आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या आधी आठ दिवस जे सुचते ते त्यांना आजारपणात सुचले. फरक इतकाच की त्यांनी ते पाळले.

ते एक काम म्हणजे ‘व्हेलॉक्स’ कागद. तोपर्यंत फोटो कागदावर उतरवायचा तर ऊन लागे. ढग आले की धंदा बंद. बेकलंड यांचा कागद दिव्याच्या उजेडात छापता येई, म्हणजे रात्रीही काम चाले. १८९३ मध्ये लेओनार्ड जेकोबी यांच्या भागीदारीत त्यांनी न्यूयॉर्कजवळ याँकर्स येथे कंपनी काढली. त्याच वर्षी अमेरिकेत मोठी मंदी आली. जुने छायाचित्रकार उन्हाला इतके सरावलेले, की कागदाबरोबरच्या सूचना वाचायलाही ते तयार नसत. खप वाढवला तो हौशी लोकांनी. १८९९ मध्ये कोडॅकचे जॉर्ज ईस्टमन यांनी ही कंपनी विकत घेतली. या सौद्याचीही एक आख्यायिका आहे : बेकलंड पंचवीस हजारांपर्यंत खाली यायच्या तयारीने गेले होते आणि ईस्टमन यांनी आधी तोंड उघडून एकदम प्रचंड आकडा सांगितला. आख्यायिका खरी असो-नसो, बेकलंड यांच्या स्वतःच्या वाट्याला दोन लाखांहून अधिक डॉलर आले. पस्तिशीत माणूस जन्मभराचा श्रीमंत झाला. अट एकच, की पुढे अनेक वर्षे छायाचित्रणाच्या संशोधनाला हात लावायचा नाही.

येथे त्यांनी जे केले ते मला सर्वांत आवडते. हडसन नदीकाठी ‘स्नग रॉक’ नावाचे मोठे घर घेतले, तेथील तबेल्याची प्रयोगशाळा केली, आणि मग त्यांच्या लक्षात आले की आपले ज्ञान शिळे झाले आहे. म्हणून १९०० मध्ये ते जर्मनीला गेले आणि शार्लोटेनबुर्गच्या तंत्रसंस्थेत विद्युत्‌रसायन शिकू लागले. खिशात दोन लाख डॉलर असताना माणूस पुन्हा बाकावर जाऊन बसतो! परत आल्यावर या नव्या विद्येचा उपयोग त्यांनी नायगारा येथील हूकर कंपनीचा विद्युत्‌घट सुधारण्यासाठी केला.

आता मुख्य कथेकडे वळतो, आणि ती सुरू होते आपल्याच देशातील झाडांवर. छोटा नागपूर, बंगाल या भागांत पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राहतात. त्यांच्या स्रावापासून चपडा लाख बनते. बांगड्यांपासून सुताराच्या पॉलिशपर्यंत तिचे उपयोग आपल्याला ठाऊक आहेत. ग्रामोफोनच्या तबकड्या पुढे कित्येक वर्षे लाखेच्याच होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेत विजेचे युग आले आणि तारांना, यंत्रांना वीज अडवणारे वेष्टण हवे झाले. लाख ते काम चांगले करी. मागणी वाढली, किंमत चढली; पण किडे काही कारखान्याच्या भोंग्यावर काम करीत नाहीत. जो कोणी कृत्रिम लाख बनवील त्याचे कल्याण होणार, हे उघड होते.

आमच्या मित्राने मला समजावले ते असे. डांबरापासून फिनॉल मिळते. कार्बॉलिक आम्ल म्हणतात ते हेच. दुसरे फॉर्माल्डिहाइड, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेडूक-साप ज्या फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवतात, त्यात हेच असते. ही दोन एकत्र आली की त्यांचे रेणू एकमेकांचे हात धरतात आणि मधून पाणी बाहेर पडते. फिनॉलच्या प्रत्येक रेणूला हात धरायला तीन जागा असतात. त्यामुळे नुसती साखळी न होता सर्व दिशांना गुंफलेली जाळी होते. साखळी तापवली तर सुटी होऊन वाहू लागते. जाळी एकदा विणली गेली की कितीही तापवा, सुटत नाही. माझा खटका मेणबत्तीवर का वितळला नाही याचे उत्तर हे. आणि जळताना येणारा वास त्या फिनॉलचा.

हे दोन पदार्थ प्रथम बेकलंड यांनी एकत्र केले असे मात्र मुळीच नाही. थोर जर्मन रसायनज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी १८७२ मध्येच ही क्रिया नोंदवली होती. पण हाती आला तो एक चिकट, काळपट गोळा. त्याचे स्फटिक होईनात, तो कशात विरघळेना आणि भांड्यातून निघेना. त्या काळच्या रसायनज्ञाला स्वच्छ स्फटिक हवे असत. हा गोळा म्हणजे फुकट गेलेले काचपात्र. नंतर आणखी काहींनी त्यावर हात चालवले. क्रिया वेगाने झाली की वाफ सुटून पदार्थ पावासारखा सच्छिद्र होई, म्हणून सगळे जण ती मंद आचेवर, भीतभीत करीत. मग पदार्थ घट्ट व्हायलाच दिवसेंदिवस लागत.

बेकलंड आणि त्यांचे साहाय्यक नथॅनिएल थर्लो यांनी आधी लाखेसारखीच विरघळणारी एक राळ केली. तिचे नाव ‘नोव्होलॅक’. बाजारात तिला कोणी विचारले नाही. मग बेकलंड यांनी प्रश्नच फिरवला. लाकडावर लेप देण्यापेक्षा लाकडाच्या आतच ही राळ तयार केली तर? जून १९०७ मध्ये त्यांनी लाकडाचे तुकडे फिनॉल-फॉर्माल्डिहाइडच्या मिश्रणात घालून बंद नळीत तापवले. लाकूड यथातथाच निघाले. परंतु नळीत उरलेला द्रव घट्ट होऊन नळीच्या आकाराची एक कठीण कांडी झाली होती. त्यांच्या वहीत त्या दिवसांच्या नोंदी आहेत : लाकडाचा विषय मागे पडतो आणि ही कांडी साच्यात घालून सेल्युलॉइड व कठीण रबर यांच्या जागी वापरता येईल काय, याचा विचार सुरू होतो. पदार्थाला त्यांनी आपलेच नाव दिले. हे फार शहाणपणाचे झाले. कारण त्यांनी लावलेले शास्त्रीय नाव पॉलिऑक्सिबेंझिलमेथिलेनग्लायकॉलअनहायड्राइड असे होते आणि ते उच्चारून कोणी खटका विकत घेतला नसता.

युक्ती अशी होती. थोडे अल्क घालून क्रिया सुरू करायची आणि मधेच थांबवायची. या वेळी राळ पातळ असते. आणखी थोडी पुढे नेली की ती थंडपणी घट्ट, पण तापवल्यास मऊ होणारी बनते. अशा स्थितीत तिची पूड करून, लाकडाचा भुसा मिसळून साच्यात भरायची. आणि मग सारे जण ज्याला भीत होते तेच करायचे : भरपूर, दीडशे अंशांच्या आसपास, तापवायचे, मात्र बाहेरून जोरदार दाब ठेवायचा. दाबामुळे वाफेचे बुडबुडे धरत नाहीत, आणि दिवसांचे काम मिनिटांवर येते. यासाठी बॉयलरसारखे एक भांडे त्यांनी बनवले. ‘बेकलायझर’ म्हणून प्रसिद्ध असलेले ते भांडे आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

मग शोधाचे श्रेय कोणाचे? मला प्रथम वाटले होते की बायर यांच्यावर अन्याय झाला. आता तसे वाटत नाही. बायर यांना पदार्थ मिळाला होता, पण त्यांना तो नको होता. बेकलंड यांना तो हवा होता आणि तो ताब्यात कसा ठेवायचा हे त्यांनी शोधले. थर्लो यांचे नाव मात्र आज कोणी घेत नाही, हे मला खटकते. तबेल्यातल्या त्या उग्र वासात रोज उभे राहणाऱ्या हातांत त्यांचेही हात होते.

१३ जुलै १९०७ रोजी उष्णता व दाब यांच्या पेटंटसाठी अर्ज गेला. इंग्लंडमध्ये जेम्स स्विनबर्न हा अभियंता याच वाटेने चालला होता. तो पेटंट कचेरीत पोचला तेव्हा त्याला एका दिवसाचा उशीर झाला होता. एकच दिवस! स्विनबर्न यांनी पुढे बर्मिंगहॅमला याच राळेच्या लाकरची कंपनी काढली, बेकलंड यांच्याशी समेट केला आणि ब्रिटिश बेकेलाइट कंपनीचे ते अध्यक्ष झाले. शंभरी पूर्ण करून ते १९५८ मध्ये वारले. त्या एका दिवसाचे दुःख त्यांनी फार धरले नसावे.

५ फेब्रुवारी १९०९ रोजी न्यूयॉर्कमध्ये रसायनज्ञांच्या सभेपुढे बेकलंड यांनी आपला शोध जाहीर केला. १९१० मध्ये अमेरिकेत आणि बर्लिनजवळ एर्कनेर येथे कारखाने सुरू झाले. विजेची उपकरणे, मोटारींचे भाग, बिलियर्डचे चेंडू, रेडिओची खोकी, आणि ज्यांचा रिसीव्हर हातात घेतला की मनगट दुखे ते काळे टेलिफोन. प्रतिस्पर्धी उठले, खटले झाले. बेकलंड यांनी ते जिंकले आणि हरलेल्यांना १९२२ मध्ये आपल्याच कंपनीत सामावून घेतले. १९२४ मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते, आणि त्याच वर्षी ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र आले.

साच्यातील वस्तू डोळ्यांना दिसतात, म्हणून लोक त्यांचेच कौतुक करतात. मला अधिक अद्भुत वाटते ते या राळेचे न दिसणारे काम : चिकटवण्याचे. आमच्या शेजारचे सुतार पूर्वी सरस वापरीत. जनावरांची कातडी-हाडे उकळून केलेला तो गोंद उन्हाळ्यात घट्ट असे, पण श्रावणात खुर्च्यांचे सांधे सुटू लागत. फिनॉलच्या राळेने चिकटवलेले प्लायवुड पाण्यात उकळले तरी सुटत नाही. नावांना आणि पुलांच्या काँक्रीटच्या साच्यांना ते चालते. विजेच्या जुन्या दिव्याची पितळी टोपी काचेला धरून ठेवणारे सिमेंट, धार लावण्याच्या चाकातील कण, मोटारीच्या ब्रेकचे अस्तर, हे सारे याच राळेने बांधलेले. कागदाचे थर तिच्यात भिजवून दाबले की टेबलावरचा सनमायका होतो. कॉलेजच्या कँटीनमध्ये ज्यावर आपण चहा सांडतो त्या पृष्ठभागाखाली बेकलंड यांचीच राळ असते.

गंमत अशी, की हे रेणू इतके प्रचंड आणि जाळीसारखे असतात हे बेकलंड यांच्या शोधाच्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. श्टाउडिंगर यांनी महारेणूंची कल्पना १९२० मध्ये मांडली आणि तिला नोबेल पारितोषिक मिळायला १९५३ साल उजाडले. तोवर कारखाने केव्हाच धडधडत होते. इकडे लाखेचा धंदाही या नव्या राळेने संपवला नाही, पण धास्ती मात्र दिली. रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधनाची संस्था १९२० च्या दशकात निघाली, ती याच काळजीच्या दिवसांत.

एवढे मिळवलेला हा माणूस घरी कसा होता? वैभवाचे त्याला वावडे होते. ‘आयन’ नावाची नौका आणि पांढरे कपडे एवढाच षोक. उतारवयात ते फ्लोरिडात राहत, डबाबंद अन्न सरळ डब्यातून खात, आणि उकडले की अंगावरच्या कपड्यांनिशी पोहण्याच्या तलावात उतरत असे म्हणतात. घर, मुले, हिशेब यांचा भार सेलीनबाईंनी उचलला. त्या स्वतः चांगल्या चित्रकार होत्या. पहिली मुलगी लहानपणीच गेली होती.

मुलगा जॉर्ज. आपण उभारलेले सारे त्याने चालवावे, ही बेकलंड यांची इच्छा. जॉर्ज कंपनीत आला, अधिकारीही झाला, पण त्याचे मन तेथे रमले नाही. घेंटच्या दुकानात आरी-दोरा घेऊन वाट पाहणारा बाप आणि याँकर्सचा कोट्यधीश बाप यांची मागणी शेवटी एकच होती, आणि दोन्ही मुलांनी दिलेले उत्तरही एकच. घेंटच्या मुलाच्या बाजूने उभी राहणारी आई होती. जॉर्जच्या बाजूने कोण होते, हे मी बरेच शोधले. या विषयावर बापलेकांत कटुता आली. अखेर १९३९ मध्ये कंपनी युनियन कार्बाइडला विकली गेली. हे नाव वाचताना भारतीय वाचकाला १९८४ सालची भोपाळची रात्र आठवल्याशिवाय राहत नाही. बेकलंड यांचा तिच्याशी काहीच संबंध नाही, तरी मीही तेथे क्षणभर थांबलो.

विक्रीनंतर ते अधिकाधिक एकटे होत गेले. रोजनिशी मात्र त्यांनी अगदी अखेरपर्यंत सोडली नव्हती. तिच्या साठांहून अधिक वह्या स्मिथसोनियनमध्ये जपून ठेवल्या आहेत आणि त्यांत रसायनांइतकेच हवामान, जेवण, थकवा यांविषयीही आहे. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बीकन येथील एका आरोग्यधामात, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. हडसनकाठच्या स्लीपी हॉलो येथील दफनभूमीत त्यांना पुरले आहे.

करपलेला खटका मी अजून टेबलाच्या खणात ठेवला आहे. आईने दोनदा तो टाकायला काढला. खण उघडला की कार्बॉलिकचा वास अजून येतो.